रामनरेश सिंहांची पाच काडतुसं

माझी शेवटची पोस्टिंग बनारस छावणीत झाली, म्हणजे माझ्या स्वतःच्याच गावात. फौजेत असं नशीब फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत वाळवंट पाहिलं, बर्फ पाहिला, आणि शेवटची दोन वर्षं घरापासून सायकलनं पाऊण तासावर. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. हुद्दा नायब सुभेदार. काम, जवानांना हत्यार शिकवणं. रायफल खोलणं, जोडणं, नेम धरणं, आणि कुठली गोळी काय करते ते सांगणं. युनिटचं नाव लिहीत नाही. दोष माझा आहे, युनिटचा नाही.

आमचं घर राजाघाटाच्या मागच्या गल्लीत. मूळचे आम्ही महाराष्ट्रातले, पण सहा पिढ्या काशीतच गेल्या. वडील आणि थोरला भाऊ अण्णा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची क्रियाकर्मं करायचे. घरात मी एकटाच बंदूकवाला. त्यामुळे काशीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझा मोठा मान. दोनदा शाल मिळाली. दोन्ही वेळा भाषणात मी एकच गोष्ट सांगितली होती. शिकारीच्या वेळी शिस्त मोडून पुढं आलेल्या एका म्हाताऱ्या हवालदाराची, आणि शिस्त मोडली की काय होतं त्याची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गोष्ट खोटी होती. खरी अशी आहे.

छावणीत दिवस पाच वाजता सुरू व्हायचा. पीटी, नाश्ता, मग दहा ते एक हत्याराचे क्लास. आठवड्यातून दोनदा गाड्या नदीपलीकडे फायरिंग रेंजवर जायच्या. रेंज म्हणजे काय ते सिव्हिलियन मंडळींसाठी सांगतो. एका टोकाला जवान झोपून फायर करतात. दुसऱ्या टोकाला टार्गेट. टार्गेटच्या मागं मातीचा दोन पुरुष उंच बांध, त्याला बट म्हणतात. टार्गेट फोडून गेलेली गोळी बटात जाऊन बसते. दोन्ही बाजूंना लाल झेंड्या लावतात, फायर करणाऱ्याला दिसतील अशा. झेंडी दिसत नसेल तर फायर नाही, हा नियम. सव्वीस वर्षं मी याच नियमात जगलो. माझ्या प्रत्येक टार्गेटमागं कुणीतरी आधीच माती रचून ठेवलेली होती.

डिसेंबरच्या शेवटी रामनगरच्या पुढच्या एका गावचे लोक मेजर साहेबांना भेटायला आले. गाव आमच्या रेंजला लागून. नदीकाठच्या सखल गाळजमिनीत, म्हणजे कछारात, वाटाणा आणि बटाटा उभा होता आणि सरपत गवतात रानडुकरं माजली होती. एका रात्रीत अर्धं शेत उकरून टाकायची. एका बाईची मांडी सुळ्यानं फाडली होती. डुकरं मारायची जिल्ह्याची परवानगी गावानं आणली होती, कागद हातात होता, पण मारणार कोण? गावात एकच रायफल. ती हवालदार रामनरेश सिंहांची.

रामनरेश सिंह पेन्शनीवर येऊन पंधराएक वर्षं झाली होती. वय साठीच्या पुढं. अंग काटक, मिशी पांढरी, पासष्टची लढाई पाहिलेला माणूस. फौजेतून सुटल्यावर त्यांनी लायसन्स काढून .३१५ ची रायफल घेतली होती आणि त्या कछारातल्या प्रत्येक डुकराचं तोंड ते ओळखत असत, असं गावकरी म्हणायचे. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. ते हवलदार आणि त्यांची बायको हवलदारीन.

मेजर साहेब मला म्हणाले, "पाटणकर साहब, ये काम आप संभालिए। तरीक़े से।"

"जी साहब," मी म्हणालो. छाती दोन इंच फुगली असणार.

घरी सांगितलं तेव्हा अण्णा हसला. म्हणाला, "वा रे वा! भटाचा पोर, आणि चालला डुकरं मारायला! अरे, वराह म्हणजे विष्णूचा अवतार. जरा सांभाळून बाबा."

"अवतार असेल तर गोळी लागणार नाही," मी म्हणालो. दोघं हसलो. वहिनी आतून ओरडली की जेवताना तरी असलं बोलू नका.

आता गोळीचं. मुद्दा सगळा तिथंच आहे, म्हणून नीट सांगतो. फौजेची सात-बासष्टची गोळी, तिला आम्ही बॉल म्हणतो. वरून तांब्याचं पूर्ण कवच, टोक कडक. ती फुटत नाही, आरपार जाते. शिकारीची गोळी वेगळी. तिचं टोक उघड्या शिशाचं, मऊ असतं. सॉफ्ट नोज. अंगात शिरली की ती आतच पसरते, जखम मोठी करते आणि बहुतेक आतच थांबते. लढाईत असली गोळी वापरायला जगभर बंदी आहे, कारण ती माणसाची फार दुर्दशा करते. हे मी शेकडो पोरांना शिकवलं होतं. शिकवताना नेहमी म्हणायचो, ही जंगली गोळी आहे, सोल्जरची गोळी स्वच्छ असते. वाक्य मला फार आवडायचं.

रामनरेश सिंह त्यांची रायफल आणि काडतुसं घेऊन रेंजवर आले. म्हणाले, साहब, तुम्ही चालवा माझीच रायफल, तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला. मी म्हटलं, आधी परीक्षा करू. आंब्याच्या बारा फळ्या, एकामागं एक, चार-चार बोटांच्या अंतरावर उभ्या केल्या. गावची तीस-चाळीस माणसं बघायला जमली होती. आधी त्यांच्या रायफलीतून मी सॉफ्ट नोज मारली. गोळी पाचव्या फळीत अडकली. मग माझ्या एसएलआरमधून, म्हणजे फौजी रायफलीतून, बॉल मारली. बाराही फळ्या फोडून ती मागं बटात गेली. धूळ उडाली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

रामनरेश सिंह पाचव्या फळीपाशी गेले. खिशातल्या चाकूनं उकरून त्यांनी आपली गोळी बाहेर काढली. चेपटून तिच्या कडा बाहेर वळल्या होत्या. तळहातावर ठेवून त्यांनी ती मला दाखवली.

"साहब, यही चाहिए। सूअर के अंदर रुक जाए।"

"और नहीं मरा तो?"

"मरेगा। आपकी वाली कहाँ गई?"

"बट में।"

"जंगल में बट नहीं होता, साहब।"

लोक माझ्याकडं बघायला लागले. म्हातारा बरोबर बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. होय, कळलं होतं. न कळल्याचं सोंग मी पुढं चार वर्षं केलं, पण कळलं तिथंच. आणि कळलं म्हणूनच मला राग आला. पोरांदेखत, गावादेखत हा पेन्शनर मला गोळी शिकवतो? मी म्हणालो, "हवलदारजी, बुढ़ापे में बारूद से डर लगने लगा क्या?"

सगळे खो खो हसले. ते स्वतःही थोडंसं हसले. गोळी खिशात टाकली आणि म्हणाले, "जैसा हुकम।"

ठरलं. एसएलआर आणि बॉल.

आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी माणसांच्या जागा दाखवणाऱ्या झेंड्या लावायला कछारात गेलो. जागा अशी होती. मधे सरपताचा लांबट पट्टा, पुरुषभर उंच. त्याच्या एका टोकाला बांध, तिथं मी बसणार. दुसऱ्या टोकाकडून गावकरी डबे वाजवत हाकारा घालणार. डुकरं माझ्या अंगावर येतील, बांध ओलांडतील, आणि मागं मोकळ्या वाळूत गेली की मी फायर करणार. उजव्या हाताला वाटाण्याची शेतं. डुकरं तिकडं वळू नयेत म्हणून कोपऱ्यावर एक माणूस पाहिजे, धोतर हलवून त्यांना परत वळवायला. ती जागा रामनरेश सिंहांनी स्वतः मागून घेतली, कारण तिथं जिगर लागतं. त्या कोपऱ्यावर मातीचा एक टीला होता, छातीएवढा उंच.

"झंडी टीले के पीछे लगाइए, साहब। मैं पीछे बैठूँगा।"

"पीछे लगाई तो मुझे दिखेगी नहीं।"

"आपको दिखने की क्या ज़रूरत?"

"नियम है," मी म्हणालो.

रेंजवर झेंडी फायर करणाऱ्याला दिसली पाहिजे. म्हणून मी झेंडी टील्याच्या पुढं रोवली, तीस पावलं पुढं, उघड्या वाटाण्यात. बांधावर येऊन दुर्बिणीतून पाहिली. स्वच्छ दिसत होती. मी खूश. माझ्यासाठी देवानं एक आयता बट तिथं उभा करून ठेवला होता आणि मी माणसाला त्याच्या पुढं बसवलं. त्या दिवशी मी शीळ वाजवत परत आलो.

जाताना रामनरेश सिंहांच्या घरी थांबलो. हवलदारीननं घुघनी, म्हणजे मटारची गरम उसळ दिली, वर गूळ. मी निघालो तेव्हा ते जीपपर्यंत आले आणि पिवळ्या काठाच्या कापडात बांधलेली एक लहानशी पोटली माझ्या हातात ठेवली. आत पाच काडतुसं. सॉफ्ट नोज.

"रख लीजिए, साहब। सुबह मन बदले तो मेरी रायफल तेल-पानी करके रखी है।"

मी पोटली कोटाच्या खिशात टाकली. मन बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. हिवाळ्यात रामनगरला पिंपांवर पूल बांधतात, त्यावरून जोंगा जीप हळूहळू नेली. नदीवर धुकं. साडेसातला विरलं. मेजर साहेब हाकाऱ्यांबरोबर गेले. रामनरेश सिंहांसोबत मी आमच्या लान्स नायक शेलारला रेडिओ सेट देऊन पाठवलं. शेलार सातारा जिल्ह्यातला, बोलायला थोडा, कामाला वाघ. युनिटमध्ये माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच.

सेटवर मी अल्फा, शेलार चार्ली. आठ वाजून दहा मिनिटांनी मी विचारलं, "चार्ली, अल्फा. पोझिशन बताओ. ओव्हर."

"अल्फा, चार्ली. पोझिशन में. झंडी के पास. ओव्हर."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. झंडी के पास.

साडेआठला डबे वाजायला लागले. आठ एकेचाळीसला सरपत हलला. आधी एक मादी आणि पिलं बाहेर आली, मी जाऊ दिली. मागून नर आला. एवढा मोठा मी पाहिला नव्हता. तो बांधाकडं आलाच नाही. चाळीस पावलांवर थबकला आणि उजवीकडं वळला, शेतांकडं. माझी रायफल त्याच्याबरोबर फिरली. बांध ओलांडेपर्यंत फायर नाही, हे माझंच फर्मान. पण गाव वाट बघत होतं, मेजर साहेब वाट बघत होते. आणि मी रेंजचा राजा! खांद्यावर नेम धरला आणि फायर केला. एक राउंड.

नर जागीच बसला. मी उभा राहिलो. हात वर करणार तेवढ्यात सेट ओरडला. शेलार हिंदी विसरला होता.

"सायेब, फायर बंद! फायर बंद! म्हाताऱ्याला लागली!"

मी धावलो. रामनरेश सिंह झेंडीला टेकून बसले होते. शेलारनं त्यांच्या पोटावर आपला अंगोला शर्ट दाबून धरला होता, तो लाल झाला होता. गोळी डुकरातून आरपार निघून त्यांच्यात शिरली होती. फार वेगही उरला नसेल. पण पोटाला किती वेग लागतो? त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"साहब, सूअर गिरा?"

"गिरा, हवलदारजी."

"अच्छा," ते म्हणाले. दुसरं काही नाही. शिवी नाही, बोल नाही. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शेलारनं आणि मी त्यांना उचलून बांधापाशी आणलं, तिथं मेजर साहेबांनी त्यांना जोंगात घातलं. शेलार मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गाव गाडीमागं रस्त्यापर्यंत पळत गेलं. पुलाच्या मध्यावर, नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी ते गेले. हे मला शेलारनं नंतर सांगितलं.

मी मात्र मागंच राहिलो. मेजर साहेब म्हणाले होते, साहब, जागेवर थांबा, कुणी काही हलवू नका. वाटाण्याच्या शेतात परत गेलो तेव्हा मी एकटा. समोर लाल झेंडी. पुढचं मी कुणी सांगितल्यावरून केलं नाही. घाबरून केलं म्हणू? डोकं तर अगदी शांत चालत होतं. पेन्शनीला चौदा महिने उरले होते. मी झेंडी उपटली. तीस पावलं मोजली. टील्याच्या मागं नेऊन रोवली. जुन्या जागेचं भोक टाचेनं दाबून बंद केलं, वरून वाटाण्याचे वेल ओढले. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. सव्वीस वर्षांत मी इतकं नीटनेटकं काम दुसरं केलं नाही.

आठवड्यानं कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. आदल्या दिवशी मी शेलारला आर्मरीमागं गाठलं.

"शेलार, उद्या विचारतील झेंडी कुठं होती. गवत उंच होतं, नक्की सांगता येत नाही, एवढंच सांगायचं."

 तो म्हणाला, "सायेब, म्हातारा झेंडीपाशीच हुता. मी बी तितंच हुतो की."

"मला शिकवू नकोस."

"ह्यो हुकूम हाय का सायेब?"

"हो. हुकूम आहे."

"मग ठीक." त्यानं सॅल्यूट केला आणि गेला. त्यानंतर चौदा महिने शेलार माझ्याशी कामापुरतं हिंदीत बोलला. मराठीत एक शब्द नाही.

इन्क्वायरीत मला दोन प्रश्न महत्त्वाचे विचारले. झेंडी कुठं होती? मी म्हणालो, टील्याच्या मागं, सर. मृत व्यक्ती तिथून पुढं आली असावी. दुसरा, ॲम्युनिशनबाबत तुम्हाला कुणी काही सल्ला दिला होता का?

"नो, सर."

तेव्हा तोच कोट माझ्या अंगावर होता. खिशात पिवळ्या काठाची पोटली होती. उभं राहताना काडतुसं एकमेकांवर वाजली, ती मला ऐकू आली. दुसऱ्या कुणाला ऐकू आली नाहीत.

निष्कर्ष निघाला, मृत व्यक्तीनं नेमून दिलेली जागा सोडली. मला ताकीद मिळाली, बाकी काही नाही. पेन्शन वेळेवर सुरू झाली. मी राजाघाटाच्या घरी आलो. शाल मिळाली. आणि भाषणात मी त्याच माणसाला बेशिस्त म्हणून सांगत फिरलो. अहो, लाजेला पण लाज वाटावी अशी ही गोष्ट. एकदा तर सांगताना मी म्हाताऱ्याची चाल करून दाखवली होती. लोक हसले होते.

त्या सकाळीला चार वर्षं होत आली. पोटली ट्रंकेत होती. गंगेत टाकून द्यावी असं कितीदा मनात आलं. दहा पायऱ्या उतरलं की गंगा. पण हात झाला नाही.

त्या वर्षी सर्वपित्रीला घाटावर तर्पण चाललं होतं. अण्णा सांगायचा, मी पाणी सोडायचो. आई, वडील, आजोबा, काका झाले. आपल्यात शेवटी गुरू, मित्र, आप्त यांनाही पाणी देतात. अण्णानं विचारलं, "आणखी कुणी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "रामनरेश सिंह."

"गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप म्हणू. नातं काय?"

 पाणी हातातून गळून गेलं. अण्णानं पुन्हा विचारलं, "अरे, नातं काय सांगू? मित्र म्हणू? आप्त म्हणू?"

"अण्णा, मी मारलं त्यांना," मी म्हणालो. आणि घाटावर, चार यजमान बघत असताना, मी लहान पोरासारखा रडलो.

अण्णानं दर्भ खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. झेंडीचं ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आयुष्यात त्यानं माझ्यावर हात टाकला नाही. त्या दिवशी टाकला असता तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, "हे पाणी मी देऊ शकत नाही. तू आधी त्यांच्या घरी जा. मला तोंड दाखवायचं ते नंतर."

दुसऱ्या दिवशी नऊच्या नावेनं रामनगरला उतरलो. पुढं टेम्पोनं. साडेदहाला त्यांच्या दारात. हवलदारीन ओसरीवर डाळ निवडत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनं वर पाहिलं. सुपातला हात थांबला नाही.

"आ गए?"

मी पोटली तिच्यापुढं ठेवली.  तयार करून आणलेलं एक वाक्य आठवेना. तिनं गाठ सोडली, काडतुसं बोटानं एकेक बाजूला सरकवली.

"पाँच ही हैं। मैंने ही बाँधी थीं। मेरी धोती का कपड़ा है।"

"आपको मालूम था?"

"उसी दिन से। वो कहकर गए थे, झंडी गलत लगी है, पर साहब का हुकम है, तो वहीं बैठूँगा। जो आदमी हुकम से बैठा, वो जगह छोड़ेगा?"

"आपने किसी को बताया क्यों नहीं?"

"बताया। सब बोले, साहब लोग झूठ काहे बोलेंगे।" तिनं सूप बाजूला ठेवलं. "गाँव में लड़के बोलते हैं, हवलदार सठिया गया था, गोली के सामने चला गया। चार बरस से सुन रही हूँ। मैं रास्ता देख रही थी, आप कब आएँगे।"

मी तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"मेरे पाँव छूने से क्या होगा? गाँव के सामने बोलिए।"

त्याच दिवशी दुपारी चार वाजता, कडुनिंबाखाली, मी गावासमोर उभा राहिलो. सावधानमध्ये. रेंजवर टाळ्या पिटणारे बरेचसे तिथंच होते. मी तारीख, वेळ, अंतर सांगितलं. गोळी चुकीची मी निवडली, हवलदारजींनी अडवलं होतं. झेंडी टील्याच्या पुढं मी लावली, त्यांनी अडवलं होतं. फायर माझंच फर्मान मोडून मी केला. झेंडी नंतर मी हलवली. ते जागेवर होते. सांगायला सहा मिनिटं लागली. मी वाट बघत होतो, कुणी दगड मारेल, कुणी थोबाडीत देईल. कुणीच काही केलं नाही. ते सोसायला जास्त कठीण गेलं.

हवलदारीन उठली. डोक्यावरचा पदर ओढून म्हणाली, "चलिए। जगह दिखाइए."

शेत तेव्हा नांगरून मोकळं होतं. टीला होता तसाच होता. गाव मागं चालत होतं. मी टील्याकडं पाठ केली आणि मोठ्यानं मोजत पावलं टाकली. एक ते तीस. हातात कुणीतरी बांबूची काठी दिली होती. तिनं पोटलीचं कापड सोडलं, पिवळ्या काठाचं, आणि काठीला बांधलं. मी काठी रोवली. माती मऊ होती, लगेच आत गेली. मग ती खाली बसली, काठीला टेकून, जसे ते बसले होते. गावातली पोरं बघत होती.

"हाँ," ती म्हणाली. "यहीं बैठे थे."

युनिटला मी सगळं लिहून पाठवलं. पोच आली, पुढं काही आलं नाही. शेलारलाही पत्र टाकलं. त्याचं कार्ड आलं, चार वर्षांनी मराठीत. "सायेब, पत्र पोचलं. झेंडी जाग्यावर गेली, बेस झालं." मंडळाच्या दोन्ही शाली मी परत केल्या. कार्यवाह म्हणाले, राहू द्या हो, झालं गेलं. म्हणून हे मराठीत लिहिलं. आपल्या लोकांना माझी खोटी गोष्ट माहीत आहे, खरीही माहीत असली पाहिजे.

पुढच्या सर्वपित्रीला अण्णानं विचारलं, नातं काय सांगू? गोळी कशी निवडायची ते मी सव्वीस वर्षं शिकवलं, आणि मला ते एका माणसानं एका वाक्यात शिकवलं होतं. मी म्हणालो, "गुरू." अण्णानं पाणी दिलं.

हवालदार रामनरेश सिंह, वय साठीच्या पुढं, सकाळी आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी, आपल्या झेंडीपाशी होते. हुकूम चुकीचा आहे हे माहीत असून होते.